बार्नी कॉईलचा वळसा

मागची काही वर्षं बार्नी कॉईल माझ्या दुकानात सरळ रस्त्याने कधी यायचा नाही. त्याची खोली स्टेशनच्या बाजूला. तिथून केम्पॉक स्ट्रीटने नाकासमोर चालत निघालं की आधी सट्ट्याचं दुकान लागतं, मग खाटीक, मग माझं औषधाचं दुकान. चार मिनिटांचं काम. पण हा बाबा स्टेशनपासूनच टेकडीच्या पायऱ्या चढायचा, वर आजीच्या दगडाला वळसा घालायचा आणि पलीकडच्या पायऱ्यांनी उतरून उलट्या बाजूने माझ्या दारात उभा राहायचा, धापा टाकत, भिजलेला. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरायचा आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पायऱ्या.

आजीचा दगड म्हणजे आमच्या गावावर उभा असलेला जुनापुराणा दगड, शाल पांघरलेल्या म्हातारीसारखा दिसणारा. पूर्वी खलाशी समुद्रावर जाण्याआधी नशीब चांगलं राहावं म्हणून त्याला फेऱ्या घालायचे. मला वाटायचं, बार्नीही त्यातलाच. पन्नाशी उलटलेला माणूस, आयुष्यात दुसरं काही धड लागलेलं नाही, मारतो दगडाला फेऱ्या, मारू दे बापडा.

मी इना लेर्ड. गूरॉक या खाडीकाठच्या गावात सव्वीस वर्षं औषधाचं दुकान चालवते. कोणाला मूळव्याध आहे, कोणाला झोप येत नाही आणि कोण झोपेच्या गोळ्या बहिणीला विकतो, हे मला ठाऊक असतं. त्यामुळे गावातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा पक्का समज होता. तो पुढे चांगलाच खोटा ठरला, म्हणून आधीच सांगून टाकते.

हेरॉइन सोडलेल्या माणसांना डॉक्टर मेथाडोन लिहून देतात. हिरवं, गोड, पातळ औषध. तलफ मारतं आणि अंग मोडून येत नाही. माझ्याकडे ते रोज प्यायला येणारी अकरा माणसं होती. दुकानाच्या मागे एक लहानशी खोली आहे, तिला खाडीवर उघडणारी खिडकी. तिथे मी माप ओतून द्यायचं, त्यांनी माझ्यासमोर प्यायचं, वर पाण्याचा घोट घ्यायचा आणि मग काहीतरी बोलायचं. बोलायचं अशासाठी की औषध गालात धरून बाहेर नेऊन विकणारेही असतात. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही.

बहुतेक जण "थँक्यू" म्हणतात आणि सुटतात. बार्नी खिडकीतून बाहेर बघायचा आणि खाडीपार जाणाऱ्या बोटीची खबर द्यायचा.

"डनूनची बोट सहा मिनिटं उशिरा आहे, मिसेस लेर्ड. कप्तान घरी भांडून आलेला दिसतोय."

किंवा, "आज एक मोठं मालवाहू जहाज आलंय. इतकं गंजलंय की माझ्या मेव्हण्याची गाडी आठवली."

दहा वर्षं रोज एक वाक्य. काउंटरवरची माझी जिंटी, जिच्या तोंडाला आमच्या गावात कुलूप कोणी लावू शकलेलं नाही, ती हातातलं काम टाकून मागच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. "ए कॉईल, आज काय बातमी?" "जिंटे, तुला फुकट ऐकवणार नाही, बिस्कीट आण." असं त्यांचं चालायचं. सकाळी सव्वादहाला बार्नी आला नाही तर दिवस सुरू झाला असं मलाच वाटायचं नाही.

सोळाव्या वर्षी तो शेजारच्या ग्रीनॉकच्या साखर कारखान्यात लागला होता, बापाच्या शेजारी. कारखाना बंद पडला, बाप खचला आणि बार्नी व त्याचा भाऊ फ्रान्सी दोघेही हेरॉइनच्या नादी लागले. फ्रान्सी त्यातच गेला. बार्नी वाचला. सहा वर्षं झाली, त्याने सुईला हात लावला नव्हता. दर तीन महिन्यांनी दवाखान्यातून त्याचा कागद यायचा: हेरॉइन नाही, दारू नाही, गोळ्या नाहीत. तीनही रकान्यांत नाही, नाही, नाही. मी तो कागद बघून मनातल्या मनात त्याची पाठ थोपटायची.

त्या हिवाळ्यात माझी बाकीची मंडळी मात्र दांड्या मारायला लागली. थंडी, पाऊस, उठवत नाही. मला राग येतो तेव्हा मला काहीतरी करावंच लागतं, आणि मला कल्पना सुचली. सोडत! आमच्याकडे सोडतीशिवाय पान हलत नाही. चर्चची जत्रा असो, फुटबॉल क्लबचं जेवण असो, बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या लाइफबोटीची वर्गणी असो, दारात कोणीतरी चिठ्ठ्यांचा डबा घेऊन उभं असतंच. मयतीनंतरच्या चहाला अजून सोडत काढत नाहीत, तेवढंच. मी ठरवलं, आठवड्याचे सहाही दिवस जो येईल त्याने शनिवारी बरणीतून एक चिठ्ठी काढायची. बक्षिसं: खाटकाकडची मांस भरलेली स्टेक-पाई, बिस्किटांचा डबा, किराण्याचं कूपन आणि जिंटीने विणलेली लोकरी टोपी. दवाखान्याला कळवलं. त्यांनीही वा वा केलं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. गोळ्या-चॉकलेटांची जुनी काचेची बरणी धुऊन पुसून काउंटरवर ठेवली आणि दिवसातून चारदा तिच्याकडे बघत राहिले.

पहिल्या शनिवारी बार्नी म्हणाला, "मला नको, मिसेस लेर्ड. मी तसाही येतोच की रोज."

"अरे, घे. फुकट आहे."

"नको म्हटलं ना."

मला वाटलं, ताठा. न चुकता येणाऱ्या माणसाला बक्षीस घ्यायला कमीपणा वाटतो तसा. मी बरणी त्याच्या नाकाखाली धरली. "जिंटीची टोपी लागेल म्हणून घाबरलास होय?"

"माझ्या टोपीला नावं ठेवायचं काम नाही," जिंटी तिकडून ओरडली. दुकानातली चार माणसं हसली. बार्नी बरणीकडे बघत राहिला. एकदा चावलेल्या कुत्र्याकडे माणूस बघतो तसा. मग त्याने हात घातला.

कोरी चिठ्ठी. पण त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, मजा आली बिचाऱ्याला.

दुसऱ्या शनिवारी त्याला पाई लागली. तिसऱ्या शनिवारी तो नऊच्या आधीच, मी कुलूप काढत असताना दारात हजर. "बरणीत चिठ्ठ्या किती? त्यातल्या कोऱ्या किती?" मी सांगितलं. त्याने क्षणात आपली किती संधी आहे ते शेकड्यात सांगितलं. काय हुशार माणूस, म्हटलं, वाया गेला. चौथ्या आठवड्यात तो पायऱ्या चढून यायचा थांबला. सरळ रस्त्याने आला, धापा न टाकता, कोरडा. मी जिंटीला म्हणाले, "बघ, गुडघ्यांनी शेवटी त्याला अक्कल शिकवली."

अशी मी हुशार.

मग त्याचं वाक्य आखडत गेलं. "बोट आली." मग नुसतं "आली." मग "ठीक." जिंटी एकदा म्हणाली, "कॉईलचं काहीतरी बिनसलंय." मी म्हणाले, "हवा बदलतेय, सर्दी असेल." चेहरा पिठासारखा, डोळ्यांखाली काळं. सर्दीने डोळ्यांखाली काळं येत नाही हे मला कळायला हवं होतं. माझं दुकान आहे औषधाचं.

मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बार्नी आला नाही. शुक्रवारीही नाही. फोन बंद.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. सलग तीन दिवस चुकले की मेथाडोन बंद. मला देता येत नाही, मला तसं दवाखान्याला कळवावं लागतं. मग पुन्हा तपासणी, पुन्हा अगदी कमी मापापासून सुरुवात. हा नियम कोणाला छळायला केलेला नाही. तीन दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनं माप जीवावर उठू शकतं. शनिवारी माझं दुकान एक वाजता बंद होतं. रविवारचं माप मी शनिवारीच बाटलीत भरून देते. आणि त्या आठवड्यात सोमवारची सुट्टी होती, म्हणून त्याचंही. म्हणजे शनिवारी एकच्या आत बार्नी आला नाही, तर मंगळवारपर्यंत त्याला कुठेच काही मिळणार नव्हतं. हेरॉइन मिळायला मात्र मंगळवार लागत नाही. माझ्याकडेच माप प्यायला येणारी लॉरेन मॅकफी दोन वर्षांपूर्वी अशीच ईस्टरच्या सुट्टीत गेली. तिच्या मयतीला मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते, आणि तिच्या आईने माझा हात धरून मला "थँक्यू" म्हटलं होतं. ते थँक्यू मी अजून विसरलेले नाही.

शनिवारी साडेबारा झाले. बार्नीचं भरलेलं माप मागच्या खोलीत तसंच होतं. मी तिसऱ्यांदा तेच शेल्फ पुसत होते. जिंटी खाटकाकडून धावत आली.

"अहो, खाटीक म्हणतो, कॉईल कालपासून सट्टेवाल्यांच्या मशीनवर बसलाय. काल उघडल्यापासून बंद होईपर्यंत. आज परत."

"बार्नी? जुगार?"

"मी म्हणत नाही, खाटीक म्हणतो. जा ना तुम्ही! माझ्याकडे काय बघताय?"

मी गेले. पांढऱ्या कोटासकट गेले, कारण काढायचं सुचलंच नाही.

सव्वीस वर्षं त्या दुकानापासून दोन दारांवर काढली, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. काचा सगळ्या घोड्यांच्या आणि फुटबॉलवाल्यांच्या चित्रांनी झाकलेल्या. बाहेर काय वाजलंय, ऊन आहे की पाऊस, आतून काही कळत नाही. चार-पाच माणसं होती. त्यांतली तीन माझी गिऱ्हाइकं. केमिस्टबाई कोटात आलेली बघून सगळे गप्प झाले. कोपऱ्यातल्या लुकलुकणाऱ्या मशीनसमोर उंच स्टुलावर बार्नी बसला होता. पाठ वाकलेली, बोट बटणावर.

"बार्नी."

त्याने मान वळवली नाही. "एकच डाव, मिसेस लेर्ड. एकच."

"किती वाजलेत, माहिताय का?"

"असतील दहा-साडेदहा."

"पावणेएक."

त्याचं बोट थांबलं नाही. चार लोकांत मी 'औषध' हा शब्द काढू शकत नव्हते. कोण काय पितं हे मी बाहेर सांगायचं नसतं. एरवी मी माणसाला कान धरून नेला असता, पण इथे कानही धरता येत नव्हता. मग मी तिथेच उभी राहिले, हाताची घडी घालून.

त्याचा भलताच परिणाम झाला. ज्या तिघांना मी गोळ्या देते त्यांना वाटलं असावं, ही आता आपल्याकडे वळणार. एकाला गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाली. दुसरा त्याच्यासोबत गेला. तिसऱ्याने घोडा धावून संपायचीसुद्धा वाट पाहिली नाही. दोन मिनिटांत आत फक्त आम्ही दोघं उरलो आणि गल्ल्यामागे बसणारी ग्रीअर.

"झालं समाधान?" बार्नी म्हणाला, अजूनही मशीनकडे बघत. "तुम्हीच दिलीत ना बरणी? आता न्यायला पण तुम्हीच आलात?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पायऱ्या चढून का येत होतो मी? हौस म्हणून? या दारावरून जायला लागू नये म्हणून. चार वर्षं. पावसात, बर्फात, गुडघे सुजलेले असताना."

"मला वाटलं, तू आजीच्या दगडाला..."

"दगडाला काय करायचंय? नशीब नकोच होतं मला, मिसेस लेर्ड. नशिबापासूनच पळत होतो मी." आता त्याने मान वळवली. डोळे लाल होते. "आणि तुम्ही ते बरणीत घालून माझ्या नाकाखाली धरलंत. सगळ्यांसमोर. नको म्हटलं ना मी? म्हटलं की नाही?"

"म्हटलंस."

"आधी हे लागलं, मग हेरॉइन. तेराव्या वर्षी, आईस्क्रीमवाल्याकडच्या मशीनवर. शाळेच्या डब्याचे पैसे. हेरॉइन सुटलं तेव्हा परत हे धरलं, मग चार वर्षांपूर्वी हेही सोडलं. एकट्याने. कोणाला कळलं पण नाही."

"अरे, मग सांगायचं नाहीस?"

"विचारलं कोणी? हेरॉइन किती, दारू किती, गोळ्या किती, सुई कुठे टोचतोस, सगळं विचारतात. दहा वर्षं विचारतायत. हे एकदाही नाही. मला वाटलं, हे आजारात धरत नसतील. हा नुसता माझा गाढवपणा."

मला ते तीन रकाने आठवले. नाही, नाही, नाही. आणि ते बघून मी थोपटलेली पाठ. लाजेने माझे कान तापले. घड्याळात बारा एक्कावन्न. त्याचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं.

मग मी जे विचारलं ते काही विचार करून विचारलं नाही. दहा वर्षांच्या सवयीने तोंडून निघालं.

"बार्नी, डनूनची बोट वेळेवर आहे का आज?"

त्याने खिडकीकडे बघितलं. म्हणजे खिडकी असायला हवी होती तिकडे. तिथे एक फुटबॉलवाला हात वर करून हसत होता.

"इथून दिसत नाही," तो म्हणाला.

"काल?"

"काल पण नाही." तो त्या चित्राकडेच बघत होता. "गुरुवारपासून खाडीच बघितली नाही मी."

त्याचा हात मांडीवर आला. तो स्टुलावरून उतरायला लागला आणि तेवढ्यात ग्रीअर म्हणाली, तिच्या कामाची सवय म्हणून, वाईट हेतूने नव्हे, "बार्नी, यात अजून अकरा पाउंड आहेत तुझे."

तो अर्धा उतरलेला तसाच थांबला. मी घाबरले. खरं सांगते, त्या सबंध दिवसात इतकी मी घाबरले नव्हते. मी म्हणाले, "लाइफबोटीच्या वर्गणीच्या डब्यात टाक, ग्रीअर." बार्नीने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, संपलं, आता हा परत बसतो.

"टाक," तो म्हणाला. "सगळे टाक. आणि परत मागायला आलो तर हाकलून दे मला."

खाटकाच्या दारावरून आम्ही दोघं जवळजवळ पळतच गेलो, तो गुडघ्यांनी लंगडत, मी कोट सावरत. जिंटी दार उघडं धरून उभी होती, जसं काही तिने ते सोडलं असतं तर दुकानच निघून गेलं असतं. "चला, चला! पाच मिनिटं!" मी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, श्वास बघितला, विचारलं, "बाहेरचं काही घेतलंयस? खरं सांग." नाही म्हणाला. मी विश्वास ठेवला, आणि तो ठेवण्यासारखाच होता. बारा सत्तावन्नला तो माप प्यायला. पाण्याचा घोट घेतला. आणि गप्प.

"बोल काहीतरी," मी म्हणाले.

त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"निघतेय," तो म्हणाला. "डनूनची. एक मिनिट आधीच निघाली, शहाणी." आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. मीही रडले. लपवायचं कशाला? जिंटीने दारावरची पाटी फिरवली, आणि दोघांना चहा करून देताना आमच्यावरच खेकसत राहिली.

चहा पिताना मी त्याची माफी मागितली. आडवळणाने नाही, सरळ. "बार्नी, तू नको म्हणालास आणि मी ऐकलं नाही. माझी चूक झाली."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"माहीत करून घेणं माझं काम होतं."

"ते आहे," तो म्हणाला. उगाच मला बरं वाटावं म्हणून काही बोलला नाही, हे मला आवडलं.

दोन वाजता ग्रीअर स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत एक कागद घेऊन आली. तो एकदा भरून दिला की आसपासच्या सगळ्या सट्ट्याच्या दुकानांत तुमचा फोटो जातो आणि तुम्हाला दारातूनच परत पाठवतात. "मला हे आधी द्यायला हवं होतं," ती बार्नीच्या बुटांकडे बघत म्हणाली. "कालच." फोटो हवा होता. पासपोर्टचे फोटो आम्हीच काढतो. खोकल्याच्या औषधांच्या शेल्फशेजारी पांढरा पडदा आहे, तो ओढला की झालं. जिंटी कॅमेरा घेऊन उभी राहिली.

"हसू का?" बार्नीने विचारलं.

"हसायचं नाही. तिथे जातोस तसं तोंड कर, म्हणजे ओळखतील."

त्याने तोंड केलं.

"हे काय, मयतीला आलायस का? तिथे असाच जातोस?"

"असाच जातो, जिंटे."

जिंटीने त्याची कॉलर नीट केली. तिने चार फोटो काढले. दोन कागदाबरोबर गेले, दोन माझ्या ड्रॉवरमध्ये राहिले.

बरणीत आता जिंटीची बटणं असतात. शनिवारी सहा दिवस भरणाऱ्या प्रत्येकाला पाई मिळते, प्रत्येकाला, चिठ्ठी नाही काही नाही. खाटकाला ते पटत नव्हतं. "सगळ्यांनाच? मग मजा काय त्यात?" मी म्हणाले, "मजा पाईत आहे." लोक येतात. सोडतीच्या वेळी यायचे त्यापेक्षा जास्त येतात.

आणि मी विचारायला लागले. मागच्या खोलीत, दार लावून, प्रत्येकाला: जुगार खेळतोस का? खेळतेस का? उरलेल्या दहांपैकी चौघांनी हो म्हटलं. त्यात डेझी नावाची एक बासष्ट वर्षांची बाई होती, देवभोळी, शांत, जिच्यावर कोणी संशय घेतला नसता. फोनवर पैसे लावून बिंगो खेळायची, दिवसभर. म्हणाली, "पाच वर्षं वाट बघतेय, कोणी तरी विचारेल म्हणून." मी दवाखान्यात जाऊन सांगितलं. तिथला नर्स कोल्म कपाटातून एक कोरा कागद घेऊन आला. मग त्याने कागदावर पेनाने चौथा रकाना आखला. पुढच्या महिन्यापासून तो छापूनच यायला लागला, आणि गुरुवारी दुपारी या लोकांची एक बैठक सुरू झाली.

बार्नी एकदम सुधारला असं कोणी समजू नये. नोव्हेंबरमध्ये तो एकदा फोनवर घसरला. सट्ट्याची दुकानं बंद झाली तरी फोन खिशातच असतो. पण दुसऱ्या दिवशी सव्वादहाला तो आला, प्यायच्या आधी म्हणाला, "काल खेळलो," आणि फोन माझ्यासमोर ठेवला. जिंटीने घरून तिचा जुना, बटणांचा फोन आणून दिला, ज्याच्यावर कोणी बोललेलंसुद्धा धड ऐकू येत नाही. तोच वापरतो अजून. पायऱ्याही चढतो अजून. मी म्हटलं, आता तुला तसंही आत घेणार नाहीत, मग कशाला? म्हणाला, "वरून खाडी चांगली दिसते."

गेल्या महिन्यात तो दुपारी आला, औषधाची वेळ नसताना. दाढी केलेली, केस विंचरलेले. गुरुवारच्या बैठकीत नव्या माणसांशी बोलायला, त्यांना तो चौथा प्रश्न विचारायला दवाखान्याने त्यालाच बोलावलं होतं. दवाखान्याच्या आतल्या दारातून जायला गळ्यात अडकवायचं ओळखपत्र लागतं, आणि ओळखपत्राला फोटो.

"पैसे कशाला घालवतोस?" मी म्हणाले. "तुझे दोन आहेत की माझ्याकडे." आणि ड्रॉवरमधून काढून त्याच्यासमोर ठेवले.

बार्नीने ते हातात घेतले. त्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिला, पिठासारख्या चेहऱ्याकडे, डोळ्यांखालच्या काळ्याकडे. मग ते परत माझ्याकडे सरकवले.

"हा नको, मिसेस लेर्ड. हा फोटो याला आत घेऊ नका म्हणून काढलेला आहे," तो म्हणाला. "मला आत घ्या म्हणणारा पाहिजे."

जिंटी पडदा ओढायला गेली. "हसायचं असेल तर हस," ती तिकडून म्हणाली, "पण दात झाक."